मूलपेशी

१८ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

हाड मेलं म्हणे! माणूस जिवंत, चालता-बोलता, डॉक्टरांसमोर खुर्चीत बसून टेबलावरचा पेपरवेट फिरवतोय, आणि त्याच्या उजव्या खुब्यातलं हाड मरायला लागलंय!

यवतमाळला एमआरआय काढला. वर्षभर दुखतंय, दिवाळीपासून कपिल लंगडतोय. (घरात मी 'अहो' म्हणते, इथे तरी नाव घेते.) आम्ही आपले चमक भरली, लचकला, ट्रॅक्टरवर बसून बसून झालं असेल, असं म्हणत राहिलो. सासूबाईंचा निर्गुडीचा शेक झाला. बाजारातल्या बाबाच्या पुड्या खाऊन झाल्या. पुडी खाल्ली की दुखणं पळायचं, म्हणून वर्षभर खाल्ल्या. डॉक्टरांनी पुड्यांचं ऐकून 'स्टेरॉइड!' म्हणत मान हलवली. म्हणाले, खुब्याच्या गोळ्याला रक्त पोचत नाहीये. रक्त नाही की हाड मरतं. मेलेलं हाड एक दिवस खचतं. मग पाय टेकवणंच मुश्कील. वय विचारलं. चौतीस म्हटल्यावर जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं. ते च्यक् अजून कानात आहे.

बसमध्ये कपिल एवढंच बोलला, "मी जित्ता अन् हाड मेलं. आता तेरवी कोनाची कराची?" हसला. मीही हसले.

१९ फेब्रुवारी

शिवजयंती. शाळेत मिरवणूक निघाली. मुलं घोषणा देत होती आणि मी त्यांच्या पायांकडे बघत होते. किती बिनघोर टाकतात पाय!

२४ फेब्रुवारी, सोमवार

नागपूरला जाऊन आलो. तिथले डॉक्टर तरुण, घाईचे, अर्धं हिंदी अर्धं इंग्रजी बोलणारे. कपिलला पुन्हा एक्स-रेला पाठवलं आणि तेवढ्यात मला कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. गोळा अजून खचलेला नाही, म्हणून एक उपाय करून बघता येईल. मेलेल्या भागात बारीक भोक पाडायचं, आतला दाब उतरवायचा. मग पेशंटच्याच कमरेच्या हाडातून सुईने थोडी मज्जा काढायची, मशीनमध्ये गरगर फिरवून त्यातल्या स्टेम सेल एकवटायच्या, आणि त्या भोकातून आत सोडायच्या. काहींचं हाड पुन्हा धरतं. काहींचं नाही.

"गॅरंटी नहीं दूंगा मॅडम. जो देता है, उससे दूर रहना."

मला माणूस आवडला. आपण खरं बोलणारा डॉक्टर शोधायचा आणि तो खरं बोलला की घाबरायचं!

बारा मार्च ठरली. कपिल एक्स-रेहून आला, भिंतीला धरत धरत. विचारलं, सांगू का सगळं? तर म्हणाला, "घरी सर्वायले एकदमच सांग. मले आता काही आयकवत नाही." डोळे मिटून घेतले. आमचं दिग्रस येईपर्यंत उघडले नाहीत.

२५ फेब्रुवारी

जेवणं झाल्यावर सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं. बाईंचा वर्गच म्हणा ना! सासरे, सासूबाई, कपिल खाटेवर आडवा, लेक राणू आजीच्या मांडीवर हरभऱ्याचे घाटे सोलत. म्हटलं, आपल्या शरीरात मूलपेशी असतात. आठ-नऊ वर्षांपूर्वी हा शब्द विज्ञानाच्या पुस्तकात आला तेव्हापासून मला आवडतो. एकदम शुद्ध, टपोरा. या मूलपेशींपासून हाड, कूर्चा, स्नायूंची दोरी, काय वाटेल ते नव्याने तयार होऊ शकतं. त्या थोड्या काढायच्या आणि यांच्या खुब्यात सोडायच्या. मेलेल्या हाडात जीव धरेल.

मामंजींनी कान टवकारले. "पेशी? कोन्त्या कोर्टात?"

धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची, केस त्यांची पुसदला इतकी वर्षं चालू आहे, त्यांना दुसरी पेशी माहीतच नाही! हसून हसून पुरेवाट. कपिलसुद्धा हसला, कितीतरी दिवसांनी. मी मामंजींना समजावलं, कोर्टाची तारीख नव्हे बाबा, शरीरातली पेशी, विटांची जशी भिंत तसं पेशींचं शरीर. त्यांना पटलं.

सासूबाई हसल्या नाहीत. विचारलं, समजलं ना आई? म्हणाल्या, "समजलं." राणूला उचलून आत घेऊन गेल्या. घाटे तसेच राहिले.

२८ फेब्रुवारी

कपिल आज जरा बोलला. मी पेपर तपासत होते. म्हणाला, "दिपाली, लहान लेकराचं हाड मोडलं त लवकर जुळते ना?"

म्हटलं, जुळतं म्हणजे काय! ओल्या फांदीसारखं असतं लहान मुलांचं हाड. महिन्याभरात असं भरून येतं की कुठे मोडलं होतं ते कळत नाही. माझ्या वर्गातल्या मुलीचा किस्सा सांगितला, चिंचेवरून पडली, पाचव्या आठवड्यात पुन्हा चिंचेवर. तो अगदी लक्ष देऊन ऐकत होता. "म्हंजे काही राहत नाही मांगं?" काही राहत नाही, म्हटलं.

बिचारा. आपल्याला लहान मुलाचं हाड असतं तर, असं मनात आलं असेल. मलाही आलं.

२ मार्च, रविवार

सासूबाईंचं काहीतरी बिनसलंय. माझ्याशी बोलत नाहीत. राणूची वेणी मी घालायला बसले तर कंगवा हातातून घेतला. सकाळ-संध्याकाळ तिच्या पायांना तेल चोळतात, कंबर चोळतात, आणि डोळ्याला पदर लावतात. लेकाचं दुखणं आणि नातीला तेल! भीतीने माणसाचं डोकं फिरतं ते असं. माझंही फिरेल. परवा वर्गात मी 'अस्थी'च्या ऐवजी 'अस्थिविसर्जन' म्हणाले. पोरं हसली.

कपिलने राणूला सायकल आणली. गुलाबी, पुढे टोपली. खाटेवर बसून ती चालवताना बघत होता. म्हणाला, "माह्यी पोट्टी शूर आहे. हाय ना शूर? रडनार नाही ना?" ती म्हणाली, पडले तरी नाही रडणार. त्याने तिला इतकं घट्ट धरलं की तीच म्हणाली, बाबा, सोडा.

नंतर मला म्हणाला, "राणूले बी नेऊ ना सोबत?" म्हटलं, न्यायचंच आहे, माझ्या मावसबहिणीकडे राहील, तुम्हाला बघायला येईल. त्याने सुटकेचा श्वास टाकला. मी गोठ्याकडे जाऊन रडून आले. मुलीवर किती जीव याचा!

५ मार्च

सासूबाई आज चुलीपाशी एकदम म्हणाल्या, "तुले काहीच नाही वाटत काय वं?"

वाटतं हो आई, म्हटलं. जीव मुठीत धरून बसलेय. पण दुसरा उपाय नाही ना. आणि तसं थोडंसंच काढतात. सुईने, भूल देऊन. कळतसुद्धा नाही.

त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मला माझ्याच घरात परक्यासारखं वाटलं. भाकर तव्यावर करपली. उठून गेल्या.

६ मार्च

सासूबाईंना माहीत तर नाही ना काहीतरी, जे मला माहीत नाही? डॉक्टरांनी मामंजींना वेगळं काही सांगितलं असेल? कपिल वाचणार नाही असं काही? विचारायची हिंमत होत नाही.

८ मार्च, शनिवार

राणू नाही. सासूबाई नाहीत.

दहावीच्या परीक्षेची ड्यूटी संपवून घरी आले तर दार उघडं, मामंजी ओट्यावर. म्हणाले, "शायेत गेली असन आनाले." राणूच्या शाळेत गेले. बाई म्हणाल्या, आजी दहालाच घेऊन गेल्या, पोटात दुखतंय म्हणाल्या. दवाखान्यात नाहीत. देवळात नाहीत. फोन बंद. विहिरीपर्यंत जाऊन आले. हो, विहिरीपर्यंत! आठ दिवसांपासूनची त्यांची नजर आठवली. वाकून पाण्यात बघितलं. काही नव्हतं. एक बेडूक होता.

कपिल खाटेवरून ओरडत होता. "आईनं सारं बिघडवून टाकलं! मंगळवारी जाचं आहे अन् पोट्टी घेऊन गेली!" भिंतीवर मूठ आपटली. त्याला असं कधी बघितलं नव्हतं.

बसस्टँडवर मैनाबाई शेंगा विकते, तिने सांगितलं. "पुसदच्या गाडीत बसली ना विमलताई. पोट्टीच्या तोंडात मुरमुऱ्याचा लाडू होता." माझा जीव त्या लाडवात अडकला. लाडू खात होती म्हणजे ठीक आहे. ठीक आहे ना?

आता फोन आला. सासूबाईंचे भाऊ बबनराव. "माझ्याकडे आहेत दोघी. पण ताई म्हनते तुम्ही येऊ नका." येऊ नका!

उद्या पहिली गाडी.

९ मार्च

काय लिहू. हसू की रडू.

पुसदच्या पुढे उतरून चालत गेले. राणू अंगणात बकरीच्या पिलाशी खेळत होती. सासूबाई दारात. मला बघून तिला आत ओढलं आणि चौकटीत आडव्या उभ्या राहिल्या. सत्तरी गाठत आलेली, गुडघे धरून चालणारी बाई!

"नाही देनार मी पोट्टी. तू आई होय का कोन होय? पोटच्या पोरीचं हाड काढून द्याले निंगाली!"

मला कळेचना. कोण काढतंय हाड?

"तूच त म्हटलं! साऱ्यायसमोर! मूलपेशी काढतात म्हनून. घरात मूल कोन्तं आहे दुसरं? राणूच त आहे! अन् वरून म्हनतं, सुईनंच काढतात, कयत बी नाही! माह्या पोराचा पाय गेला त जाऊ दे. मी त्याले पाठीवर घेऊन फिरीन. पन या लेकराले हात लावू देनार नाही."

मी तिथेच पायरीवर बसले. मूल! ध चा मा ऐकला होता, हा ल चा ळ! पेशीवर हसत बसले, पेशी कशी ती समजावली, आणि मूल तसंच सोडून दिलं. विज्ञानाची बाई!

म्हटलं, आई, मूल म्हणजे लेकरू नाही हो. मूल म्हणजे मूळ. झाडाला असतं ते.

"मंग मूय म्हनाचं ना!" सासूबाई ओरडल्या. त्यांच्या तोंडी ळ चा य होतो. "पुस्तक लिवनाऱ्यायले मूय म्हनाले काय झालं होतं?"

खरंच काय झालं होतं? आम्ही दोघीही रडलो. मग त्यांनी डोळे पुसून विचारलं, "मंग कोनाचं घेतात?"

यांचंच की. यांच्याच कमरेतलं काढायचं, यांच्याच खुब्यात घालायचं.

सासूबाईंनी आत राणूकडे वळून बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "कपिलले ठाऊक आहे हे?"

म्हटलं, त्यांचीच कंबर, त्यांना नसेल ठाऊक?

त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. असा कधी फिरवला नव्हता. म्हणाल्या, "मी काहून आली, ते त्याले सांगू नको. अन् पोट्टी राहू दे इथंच. आपरेशन होऊन जाऊ दे. मंग आनीन मी."

लाज वाटत असेल, लेक हसेल म्हणून. बरं, म्हटलं.

१० मार्च

एकटी परतले तर कपिलचं तोंड पांढरं पडलं. "राणू कुठी आहे?" म्हटलं, मामांकडे रमलीय, आजीला करमत नव्हतं म्हणून नेलं होतं, राहू दे. तो बघतच राहिला. "मंग आपरेशन कसं होईन?"

म्हटलं, तिच्यावाचून काय अडतंय? डॉक्टर आहेत, मी आहे.

मग म्हणाला, "तू पाहून घेशील ना सारं?" घेईन, म्हटलं. काय पाहून घेणार आहे मी! मला तर बॅगेत काय भरावं ते सुचत नाही. तीन टॉवेल भरले आणि त्याची एकही बनियन नाही.

११ मार्च, नागपूर

भरती झालो. शेजारच्या कॉटवर एक म्हातारे, दोन्ही खुबे बदललेले. मजेत आहेत. त्यांच्या चालण्याकडे कपिल बघत नाही, मी बघते. उद्या या वेळेपर्यंत झालेलं असेल. किंवा काहीतरी झालेलं असेल.

१२ मार्च

आत नेताना त्याने माझा हात सोडला नाही. नर्सने सोडवला. दाराच्या वरचा लाल दिवा लागला. मी देवाचं नाव घ्यायला गेले तर आठवेना, एकही! नुसतं कपिल, कपिल असं म्हणत बसले, मोठ्याने. लोक बघत होते. बघू देत.

डॉक्टर बाहेर आले. झालं म्हणाले. मज्जा छान मिळाली, गोळा शाबूत आहे, आता वाट बघायची. दीड महिना तो पाय जमिनीला टेकवायचा नाही.

संध्याकाळी कपिलची गुंगी उतरली. कमरेला हात लावून म्हणाला, "आपरेशन त खाली होतं. इथं मांगं काहून दुखून राह्यलं?" म्हटलं, तिथूनच काढली ना तुमची मज्जा.

"माह्यी?" म्हणाला. मग पुन्हा, "माह्यीच?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. औषधाचा अंमल असेल.

१४ मार्च

धुळवड. खिडकीखाली पोरं रंगलीत. इथे पांढऱ्या चादरी. कपिल बोलत नाही फारसं. ताप नाही. ताप नाही हे दर तासाला बघते.

२३ मार्च

घरी. वॉकर घेऊन न्हाणीपर्यंत जातो. एक पाय अधांतरी. तो हलला, की माझं काळीज हलतं. काल वॉकरचा पाय फरशीच्या फटीत अडकला, पडता पडता वाचला. मी किंचाळले. तो चिडला, "मी पडलो नाही तं तू काहून बोंबलतं?" बरोबर आहे. पण मेलेल्या हाडावर भार पडला असता तर? खचलं असतं तर? डॉक्टरांचं ते च्यक् पुन्हा ऐकू आलं.

३० मार्च, गुढीपाडवा

सासूबाई आणि राणू आल्या. राणू धावत बाबांकडे गेली. सासूबाईंनी तिला मधेच धरलं, "हयू, बाबाच्या पायाले लागन." बरोबरच. पण नंतर पाहिलं, ती त्याच्याजवळ बसली की त्या कुठूनही येऊन तिथे बसतात. तिचं अंथरूण त्यांनी आपल्या खोलीत टाकलंय. सवय लागली असेल मामांकडे.

गुढी मी उभारली. कपिलने खाटेवरून हात जोडले. या वेळी देवाची नावं सगळी आठवली.

५ एप्रिल

डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, दुखणं कमी आहे ही चांगली खूण. एवढ्या वाक्यावर दिवसभर तरंगत होते. संध्याकाळी पुरण घातलं.

६ एप्रिल, रविवार

कपिल आज खुशीत. कालच्या पोळ्या शिल्लक होत्या, खाता खाता स्वतःच हसायला लागला. "सांगू काय एक गंमत? मले त वाटलं राणूचं घेतील! म्हनून त तिले सोबत ने म्हटलं. आपरेशन झाल्यावर तू सांगितलं तवा समजलं का माह्यंच आहे!"

मीही हसले. म्हटलं, आईंनापण तसंच वाटलं होतं! म्हणाला, "हाव ना, तिनं विचारलं होतं मले, खरंच पोट्टीचं घेतात काय म्हनून. मी म्हटलं, दिपाली मास्तरीन आहे, तिले सारं समजते. ती हो म्हनते त होच."

मी हातातली पोळी खाली ठेवली. विचारलं, तुम्हाला काहीच नाही वाटलं?

"वाटलं ना. म्हनून त तुले विचारलं, लहान लेकराचं लवकर भरते ना. तू म्हटलं, महिन्याभरात भरते, काही राहत नाही मांगं."

म्हटलं होतं मी. चिंचेवरच्या मुलीचा किस्सासुद्धा सांगितला होता.

दुपारी माझं अंथरूण राणूजवळ नेऊन टाकलं. सासूबाईंनी आपली गादी सरकवून जागा करून दिली.